भूक परत येईपर्यंत

उर्मिला जगदाळेचं रक्त तिच्या भावाच्या रक्ताशी जुळत होतं. यकृताचा आकार जुळत होता, त्यात शिरणाऱ्या नसांची ठेवणही डॉक्टरांना हवी तशीच होती. अडचण एकच होती. त्या यकृतात चरबी फार होती.

"असं यकृत कापून दुसऱ्याला लावलं तर ते तिकडे धड चालणार नाही," मिरजेच्या रुग्णालयातले सर्जन पडद्यावरच्या पिवळ्या छटेवर बोट ठेवत म्हणाले. "आणि मागे उरलेला तुकडा तुम्हालाही पुरणार नाही. दोघंही धोक्यात याल. मी चाकू लावणार नाही."

उर्मिलाचा भाऊ जयसिंग त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एका यंत्राला जोडलेला होता. ओगलेवाडीत त्याचा पंपांचे भाग बनवण्याचा कारखाना होता. त्याच्या शरीराची स्वतःची संरक्षणफळीच काही वर्षांपासून त्याच्या यकृतावर उलटली होती आणि आता यकृत जवळजवळ संपलं होतं. यंत्र दर दोन-तीन दिवसांनी त्याचं रक्त धुऊन देई, पण त्यावर माणूस काही महिनेच तगतो. प्रयोगशाळेत वाढवलेली यकृतं २०४१ सालीही डुकरांच्या पुढे सरकली नव्हती. घरात दुसरं कोणी जुळत नव्हतं.

"वजन उतरवलं तर?" उर्मिलाने विचारलं.

सर्जननी तिच्याकडे पाहिलं. खुर्चीच्या दोन्ही हातांत ती घट्ट बसली होती. "यकृतातली चरबी पाच टक्क्यांच्या आत आणावी लागेल. पावसाळ्यापर्यंत."

"आणते," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर शैलावहिनीने तिचे हात धरले. जयसिंगची ही बायको बोलायला लागली की थांबायची नाही, पण आज तिच्या तोंडून एवढंच निघालं, "वन्सं, तुम्हीच आता."

उर्मिला एस.टी.ची चालक होती. कराड ते चिपळूण, मधे कुंभार्ली घाट. गेली बारा वर्षं ती हा रस्ता चालवत होती. जाड बाईला एवढी मोठी गाडी वळवताना पाहून सुरुवातीला लोक हसले होते, मग सवयीने गप्प झाले होते. वजन कमी करायचे सगळे प्रकार तिने करून पाहिले होते. उपास केले, भात सोडला, पहाटे चालली. दरवेळी वजन उतरायचं आणि थोडं जास्तच घेऊन परत यायचं. साधी साप्ताहिक इंजेक्शनंही तिने एकदा घेतली होती. त्यांनी उलट्या तेवढ्या झाल्या.

म्हणून यावेळी ती डॉ. रेहाना मुल्लांसमोर बसली होती. मिरजेत या एकाच विषयाचा त्यांचा दवाखाना होता आणि तिथे वजनावरून कोणी कोणाला उपदेश करत नसे.

"जेवल्यावर आपलं आतडं रक्तात काही रसायनं सोडतं," डॉ. मुल्ला म्हणाल्या. "ती मेंदूला सांगतात, पुरे झालं. काही लोकांच्या बाबतीत हा निरोप फार हळू बोलला जातो. त्यांचा मेंदू ऐकतच नाही. यात इच्छाशक्तीचा काही संबंध नाही, उर्मिलाताई. बहिऱ्या माणसाला आपण आळशी म्हणत नाही. जुनी इंजेक्शनं हाच निरोप मोठ्याने देतात."

"माझ्या बाबतीत त्यांनी ओरडूनसुद्धा उपयोग झाला नाही."

"म्हणून मी शमोटाइडचा विचार करतेय. त्यात चार भाग आहेत. दोन आतड्याचा निरोप देतात. तिसरा यकृताला सांगतो की साठवलेली चरबी जाळ. आपल्याला तो हवाय, कारण त्याने यकृत फार लवकर साफ होतं. आणि चौथा..." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "चौथा मेंदूत खोल जातो. जिथे 'हवं' असं वाटणं तयार होतं, तिथे. त्याने खाण्याची ओढच मावळते. पण तिथे फक्त खाण्याचीच ओढ राहत नाही. त्यामुळे माझं लक्ष तुमच्या रक्तावर असेल तेवढंच मनावरही असेल. काहीही वेगळं वाटलं, तर मला सांगायचं."

"दादाला वेळ किती आहे ते तुम्हाला माहितीये," उर्मिला म्हणाली. "द्या."

पहिलं इंजेक्शन दवाखान्यातच झालं. पोटावर, बेंबीपासून चार बोटं दूर. दंडावर एक पातळ पट्टी चिकटवली गेली, ती रक्तातली साखर आणि पाणी मोजून डॉक्टरांना कळवत राहायची. चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून रोज रबरी पट्ट्यांचा व्यायाम आणि अंडी, मूग, हरभरे, दही यांचा ठरलेला वाटा. डोस हळूहळू वाढवायचा. पित्ताशयाची तपासणी दर महिन्याला.

पहिले काही आठवडे मळमळीत गेले. मग एक दिवस उर्मिलाने कोयनानगरला गाडी थांबवली आणि तिच्या लक्षात आलं की पाटण सोडल्यापासून आपल्या डोक्यात वडा आलाच नाही.

एरवी तो यायचाच. तासभर आधीपासून तिथल्या कॅन्टीनचा गरम बटाटेवडा तिच्या डोक्यात येऊन बसायचा आणि रस्त्याचा प्रत्येक चढ त्याच्याशी वाद घालण्यात जायचा. खायचा नाही. एकच खाऊ. नकोच. आणि मग तीन. आज ती कॅन्टीनसमोर उभी राहिली, कढईकडे पाहिलं, आणि रस्त्याकडेच्या दगडाकडे पाहावं तसं वाटलं. ती गाडीत परत येऊन बसली. डोक्यात इतकी शांतता तिने जन्मात अनुभवली नव्हती. तिला रडू आलं, आनंदाचं.

वजन उतरायला लागलं. गुडघ्यांची कुरकुर थांबली. प्रत्येक तपासणीत पडद्यावरचा पिवळा रंग थोडा मागे हटलेला दिसे. डॉ. मुल्ला खूश होत्या, सर्जन खूश होते. शैलावहिनी दर रविवारी फोन करून आकडा विचारायची आणि देवासमोर साखर ठेवायची.

एकटा सुहास तेवढा खूश नव्हता.

सुहास उर्मिलाचा नवरा. कराडच्या आय.टी.आय.मध्ये तो वेल्डिंग शिकवायचा. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि गेली बारा वर्षं उर्मिला रोज चिपळूणला पोहोचली की त्याला फोन करत आली होती. कोण प्रवासी भांडला, कोणाची कोंबडी गाडीत सुटली, काय खाल्लं, काय खायला नको होतं. आता फोन येत नव्हता. त्याने केला तर ती उचलायची, विचारलं तेवढं सांगायची आणि ठेवून द्यायची. घरात आवाज चढत नव्हता. पंखा, पालक, पाहुणे, कशावरही तिचं म्हणणं नव्हतं.

"डोकं दुखतंय का तुझं?" त्याने एकदा विचारलं.

"नाही हो. बरंय सगळं."

"मग गाणं का म्हणत नाहीस? भाकरी करताना म्हणायचीस."

"आठवलं नाही," ती म्हणाली.

एका संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढून घड्या घालता घालता ती सहज बोलून गेली, "आज घाटात जीप अंगावर आली होती."

"म्हणजे?"

"उलट्या बाजूने. वळणावर. गाडीनं आपोआप ब्रेक लावला म्हणून. नाहीतर खाली गेलो असतो." तिने उशीचा अभ्रा झटकला. "भाजी कसली करू?"

सुहास तिच्याकडे बघत राहिला. गेल्या वर्षी अशाच एका ट्रकने हूल दिली होती, तेव्हा ही बाई घरी येऊन तासभर थरथरत होती आणि मग त्या ट्रकवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. आता तिच्या हातातला अभ्रा सुरेख चौकोनी दुमडला जात होता.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा यकृत पाच टक्क्यांच्या आत आलं. शस्त्रक्रियेची तारीख निघाली. राहिली होती फक्त संमती. जिवंत माणूस अवयव देतो तेव्हा तो स्वतःच्या मर्जीने देतोय ना, हे एका समितीने पाहायचं असतं. त्या समितीवर मनोविकारतज्ज्ञ डॉ. केळुसकर होते. सावकाश बोलणारे, समोरच्याला पुरता वेळ देणारे गृहस्थ.

त्यांनी आधी सुहासला एकट्याला बोलावलं, मग उर्मिलाला.

"शस्त्रक्रियेत काय धोके आहेत, ते सांगाल का?"

तिने सगळे बरोबर सांगितले. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पित्ताची गळती. क्वचित मृत्यू.

"तुमचा मृत्यू झाला तर?"

"झाला तर झाला."

"भीती वाटते?"

"नाही."

"भावाला वाचवायची इच्छा आहे?"

ती उत्तर खरोखर शोधत होती. मोकळ्या कपाटात हात फिरवावा तशी. "द्यायचं ठरलंय ना," ती शेवटी म्हणाली. "मग देते."

डॉ. केळुसकरांनी पेन खाली ठेवलं. "उर्मिलाताई, या औषधाने लोकांची दारू सुटली, जुगार सुटला. त्याचं फार कौतुक झालं. मग हळूहळू ध्यानात आलं की काहींचं भांडणही सुटलं, काहींची माया सुटली. हवं आणि नको, दोन्ही मेंदूत एकाच ठिकाणी उगवतात. तुमचं आत्ताचं 'हो' खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ते तुमचं आहे की औषधाचं, हे मला सांगता येत नाही. आणि तुम्हालाही येत नाही."

त्यांनी डॉ. मुल्लांना आणि सुहासला बोलावून घेतलं. तिथेच निर्णय झाला. शमोटाइड बंद. मेंदूतला त्याचा अंमल उतरायला काही आठवडे जातील. तो उतरला की उर्मिलाला पुन्हा विचारायचं. तोवर जयसिंग यंत्रावर.

"आणि तोवर चरबी परत चढली तर?" सुहासने विचारलं.

"चढू शकते," डॉ. मुल्ला म्हणाल्या. "औषध थांबलं की भूक नुसती परत येत नाही, उसळून येते. शरीराला वाटतं दुष्काळ पडला होता. दरम्यान जुनं, फक्त आतड्यापुरतं इंजेक्शन देण्याचा विचार केला होता, पण ते यांना सोसत नाही, आणि शस्त्रक्रियेच्या तोंडावर उलट्या परवडणार नाहीत. हे दिवस ताईंना औषधाविना काढावे लागतील. मी रोज सोबत असेन. पण काढावे लागतील."

जिन्यात शैलावहिनी वाट पाहत होती. तिला कळल्यावर तिने उर्मिलाला बाजूला ओढलं. "वन्सं, कशाला हे? आत्ता मन शांत आहे तुमचं. त्यांना सांगा ना, मला पाहिजे आहे, मला भीती वाटते पण देते, असं काहीतरी सांगा. आत्ताच्या आत्ता सही होईल. पुढे मन फिरलं तर?"

"सांगू का?" उर्मिलाने सुहासला विचारलं. गाडी पुढच्या थांब्यावर थांबवू का, असं विचारावं तसं.

"नाही," सुहास म्हणाला. "वहिनी, मन फिरायला आधी मन तर येऊ द्या."

शैलावहिनी त्यानंतर त्याच्याशी बोलली नाही.

आधी काहीच झालं नाही. मग एका दुपारी उर्मिला ओट्याशी उसळ ढवळत होती आणि सुहास तिच्यामागे बसून जयसिंगच्या तब्येतीचं काहीतरी सांगत होता. ती अचानक वळली. डाव तिच्या हातातच होता.

"तुम्ही त्या डॉक्टरला काय सांगितलंत?"

"कधी?"

"मला बाहेर बसवून आत काय सांगितलंत? बायको दगड झालीय म्हणालात? माझ्या पाठीमागं? दादा तिकडं मरायला टेकलाय आणि तुम्ही तारीख पुढं ढकलवलीत? कोणी सांगितलं होतं तुम्हाला? विचारलं होतंत मला?"

"तेव्हा विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, सांगा."

"मग मी आत्ता म्हणते, का सांगितलंत!" तिने डाव आदळला. उसळीचे थेंब भिंतीवर उडाले. ती ओरडत होती, बोलता बोलता रडत होती, आणि ती जीप, ते वळण, त्या दिवशी गाडीत बसलेली लेकुरवाळी बाई, सगळं आत्ता तिच्यावर येऊन आदळत होतं. सुहासने तिला धरून खाली बसवलं. तो हसत होता आणि त्याचेही डोळे भरले होते.

"हसताय काय!"

"आलीस," तो म्हणाला. "शिव्या दे अजून."

रागाच्या मागोमाग भूक आली.

तिची कल्पना होती त्याच्या कितीतरी पुढची भूक होती ती. आंघोळ करताना, रांगेत उभी असताना, कोणी बोलत असताना ती आत फिरत राहायची. शेजारच्या घरातली फोडणी कशाची, हे तिला दार बंद असूनही कळायचं. लसूण. कढीपत्ता. आता तूप. झोपेत तिने वडे खाल्ले आणि जागी झाल्यावर स्वतःवर चिडली. घाटाच्या फेरीवरून तिने रजा घेतली, कारण कोयनानगरला थांबणं तिला अशक्य होतं.

डॉ. मुल्ला रोज फोन करायच्या. त्या धीर देत नसत, काम देत. आधी ताक. मग अंडी. मग अर्धी भाकरी, सावकाश. भूक चढली की कृष्णेच्या काठाने चालायला जायचं, पट्ट्यांचा व्यायाम करायचा, आणि पुन्हा मोजमाप. "लाट आहे ती," त्या म्हणायच्या. "उतरते. तुम्ही फक्त उभ्या राहा."

उर्मिला उभी राहायची. ओटा दोन्ही हातांनी धरून, दात आवळून. हे अंगावरून उतरून जातंय, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. आजवर भूक आली की ती स्वतःला शिव्या घालत खायची, कारण तिला सगळ्यांनी हेच शिकवलं होतं की ही तुझीच खोड आहे. आता तिला त्या भुकेचं रसायन माहीत होतं. तिचा राग भुकेवरच निघायचा, स्वतःवर नाही, आणि त्यामुळे अंगात बळ उरायचं. सुहासने घरात साखर, तेल, बेसन ठेवायचं बंद केलं. तिच्यासोबत तोही अर्धीच भाकरी खाऊ लागला आणि तिच्याहून जास्त कुरकुर करू लागला.

पिवळा रंग थोडा पुढे सरकला. मग थांबला. सर्जन म्हणाले, अजून चालेल.

पण भुकेबरोबर आणखी एक गोष्ट वर आली होती, आणि तिच्यावर ताक-अंड्यांचा इलाज नव्हता. एके सकाळी ती एकटीच मिरजेला गेली.

जयसिंग खाटेवर टेकून बसला होता. त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, पोट फुगलं होतं, हातांच्या काड्या झाल्या होत्या. त्याला तसं पाहून तिला भडभडून आलं. तरी ती खुर्ची ओढून समोर बसली.

"दादा, तुझ्या लग्नाचं बोलायचंय."

"माझ्या लग्नाचं? आत्ता?"

"मी सतरा वर्षांची होते. आईनं मला मोरपिशी साडी घेतली होती. फोटोवाला आला तेव्हा तू मला बाजूला घेतलंस आणि म्हणालास, उर्मे, तू फोटोत येऊ नकोस. मुलीकडची माणसं हसतील."

जयसिंगने पांघरुणाची कड चाचपली. "मला नाही आठवत."

"मी दिवसभर आत भांडी पुसत बसले. तुझ्या लग्नात मी कुठंच नाही. गेले काही महिने हे मला आठवत होतं, पण आठवून काही वाटत नव्हतं. मला वाटलं, चला, मिटलं. मिटलं नव्हतं. औषधानं झाकलं होतं. आता रोज वर येतंय. तुला बघितलं की येतंय."

जयसिंगने पांघरुणाची कड सोडून यंत्राच्या नळीकडे पाहिलं.

"आठवतं," तो म्हणाला. "खोटं बोललो मी. लग्नानंतर पहिल्यांदा फोटो बघायला बसलो तेव्हा आईनं विचारलं, उर्मी कुठाय? तेव्हापासून आठवतं. लोक हसायचे तेव्हा मला मान वर करता यायची नाही. तुझ्या बाजूनं उभं राहायचं सोडून मी तुलाच मागं ढकललं." त्याला धाप लागली. "तू नको देऊस, उर्मे. हे सगळं असताना नको देऊस. मला तसं घेववणार नाही."

"घेववणार नाही म्हणजे? तुझ्या घेण्याचा काय संबंध?" तिचा आवाज चढला. दारातून नर्स डोकावली आणि परत गेली. "तू कबूल केलंस म्हणून मी देतेय, असं नाही. केलं नसतंस तरी अडवणार नव्हते. ते वेगळं आणि हे वेगळं. माफ करायला मला किती वेळ लागेल, मला माहीत नाही. कदाचित जन्म जाईल. पण त्यासाठी तू समोर पाहिजेस. तू मेल्यावर मी कोणाशी भांडू?"

जयसिंगने चेहरा भिंतीकडे वळवला. त्याचे खांदे हलत होते. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. पण ती उठलीही नाही. यंत्र थांबेपर्यंत बसून राहिली.

समितीने तिला पुन्हा बोलावलं तेव्हा बाहेर धो धो पाऊस लागला होता आणि डॉ. केळुसकरांना प्रश्न मोठ्याने विचारावे लागत होते.

"शस्त्रक्रियेची भीती वाटते?"

"वाटते. काल रात्रभर मी यांचा हात सोडला नाही."

"भावाविषयी मनात काय आहे?"

"राग आहे. खूप जुना. त्याला सांगून झालाय, तरी आहे." तिने पदर खांद्यावर ओढून घेतला. "आणि डॉक्टर, आत्ता मला इतकी भूक लागलीय की तुमच्या टेबलावरचा तो बिस्किटाचा पुडा मला मघापासून दिसतोय."

डॉ. केळुसकरांच्या शेजारी बसलेल्या समितीतल्या बाईंनी पुडा हळूच खाली ठेवला.

"इतकं सगळं असताना देण्याचा निर्णय कसा घेतलात?"

"इतकं सगळं नव्हतं तेव्हा घेतला होता, तो तुम्ही मोडलात," उर्मिला म्हणाली. "बरं केलंत. तेव्हा मला काही सोडावं लागत नव्हतं. आता प्रत्येक गोष्ट नको म्हणतेय, पोटापासून डोक्यापर्यंत. त्या सगळ्यांना बाजूला सारून मी इथवर आलेय. मला माझा भाऊ जिवंत पाहिजे. हे मला पाहिजे आहे. लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं.

शस्त्रक्रियेला जाताना तिने सुहासच्या बोटांवर इतक्या जोराने पकड धरली की त्याच्या अंगठीचा वळ उठला. भूलतज्ज्ञाने विचारलं, घाबरलात का, तेव्हा ती म्हणाली, हो, लवकर करा. तिच्या यकृताचा उजवा मोठा भाग काढून जयसिंगच्या पोटात बसवला गेला. सर्जन संध्याकाळी बाहेर आले आणि शैलावहिनीला म्हणाले की नवं यकृत टाके घालतानाच पित्त सोडायला लागलं होतं. शैलावहिनीने ते ऐकलं, आणि इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा ती सुहासकडे वळली. त्याने तिला पाणी आणून दिलं.

यकृत हा अवयव जिद्दी असतो. तुकडा उरला तरी पुन्हा भरून येतो, देणाऱ्यातही आणि घेणाऱ्यातही. उर्मिलाला दुखत होतं, ताप येऊन गेला, एकदा टाक्यांतून पाणी आलं. तिने प्रत्येक गोष्टीची तक्रार केली, आणि परिचारिकांना ती आवडायला लागली.

घरी सोडण्याआधी डॉ. मुल्ला येऊन बसल्या.

"वजनाचं काय करायचं, ते आता तुम्ही ठरवायचं," त्या म्हणाल्या. "भावासाठीचं काम झालं. पण साखर काठावर आहे, गुडघेही आहेत. यकृत पूर्ण भरून आलं की आतड्यापुरतं एक नवं इंजेक्शन देता येईल. ते मेंदूत खोल जात नाही. तुम्हाला सोसेल अशा अगदी छोट्या डोसने सुरुवात करू. उतरेल, पण फार सावकाश. वर्ष-दोन वर्षं. भूकही थोडी राहील."

"किती राहील?"

"जेवणाची वाट पाहण्याइतकी."

उर्मिलाला या वेळी उत्तर शोधावं लागलं नाही. "सुरू करू," ती म्हणाली. "पण तपासणीला यांना बरोबर आणणार. मी गाणं म्हणायची थांबले, तर हे सांगतील तुम्हाला."

"पाठीमागे?"

"तोंडावर," दारातून सुहास म्हणाला.

दुपारी तिला चालायला सांगितलं होतं. ती पोटावर उशी धरून व्हरांड्यात आली तेव्हा समोरून जयसिंग येत होता. एका हातात सलाईनची काठी, दुसरा हात भिंतीवर. त्याच्या डोळ्यांतला पिवळेपणा उतरला होता. ते पांढरे दिसत होते, आणि त्यामुळे तो तिला एकदम लहानपणीच्या दादासारखा वाटला. तो तिच्या बरोबरीने वळला. दोघं हळूहळू चालू लागली.

व्हरांड्याच्या मध्यावर तो थांबला. श्वास जमवत त्याने विचारलं, "उर्मे, अजून राग आहे?"

"आहे."

"किती दिवस राहील?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "तू चाल."